पास्तित्सियोवरचा पांढरा थर

ग्रीसमध्ये पास्तित्सियो नावाचा पदार्थ घरोघरी होतो. रविवारच्या जेवणात, पाहुणे आले की, सणाला. ट्रेमधून चौकोनी वडी कापून ताटात येते. तळाशी लांब नळीच्या पास्त्याचा थर, मध्ये टोमॅटोत शिजवलेला, दालचिनी घातलेला खिमा आणि वर बोटभर जाडीचा पांढरा, गुळगुळीत, भट्टीत सोनेरी झालेला थर. हा वरचा थर म्हणजे बेशमेल. लोण्यात मैदा परतून त्यात दूध आटवलेला फ्रेंच सॉस.

आज ज्याला कोलेस्टेरॉलची किंवा वजनाची काळजी आहे, तो सर्वांत आधी हाच थर कमी करायला जातो. लोणी काढा, दही घाला, खिमा निम्मा करा, भाजी वाढवा. लगेच कुणीतरी हरकत घेतो. असे केले तर ते पास्तित्सियो राहिलेच कुठे? पिढ्यान्‌पिढ्यांची चीज बिघडवायची कशाला?

हरकत ऐकायला रास्त वाटते. पण इतिहास पाहिला तर ती उलटी पडते. ज्या थराला परंपरा म्हटले जाते, तो जेमतेम शंभर वर्षांचा आहे. तो केवळ चवीसाठी आला नाही. ग्रीक स्वयंपाकघरातून ‘तुर्क’ धुऊन काढावा, या विचाराचाही त्यात हात होता. म्हणून पास्तित्सियो हलके करण्याचा प्रश्न आहारशास्त्राचा आहे, तितकाच इतिहासाचाही आहे.

पास्त्याचे अरबी वळण

सुरुवात पास्त्यापासून करू. मार्को पोलोने चीनमधून इटलीत पास्ता आणला, ही गोष्ट अजून सांगितली जाते. ती खोटी आहे. पोलो १२९५ साली व्हेनिसला परतला. त्याच्या सोळा वर्षे आधी, १२७९ साली, जेनोवा शहरातल्या एका मालमत्तेच्या यादीत मॅकरोनी भरलेल्या पेटीची नोंद आहे.

त्याहून जुनी नोंद एका मुस्लिम भूगोलज्ञाची आहे. अल-इद्रिसीने सिसिलीचा नॉर्मन राजा दुसरा रॉजर याच्यासाठी जगाचे वर्णन लिहिले. ते ११५४ साली पूर्ण झाले. त्यात पालेर्मोच्या पूर्वेला असलेल्या त्राबिया या गावाची नोंद येते. वाहत्या पाण्याचे, गिरण्यांचे गाव. तिथे ‘इत्रिया’ मोठ्या प्रमाणावर तयार होते आणि जहाजे भरभरून मुस्लिम व ख्रिस्ती मुलुखांत जाते, असे तो लिहितो. इत्रिया म्हणजे गव्हाच्या पिठाचे वाळवलेले धागे. आपल्या भाषेत शेवया.

इत्रिया हा शब्दही मूळचा अरबी नाही. तो ग्रीक ‘इत्रिओन’वरून आला. म्हणजे शब्द ग्रीकांचा, वाळवून टिकवण्याचा आणि विकण्याचा धंदा अरबी बोलणाऱ्या बेटावरचा, राजा ख्रिस्ती आणि नोंद करणारा मुसलमान. सिसिली जिंकण्याची मुस्लिम मोहीम सुरू झाली ८२७ साली. अकराव्या शतकाच्या अखेरीस नॉर्मनांनी बेट जिंकले. पुढे तेराव्या शतकात तिथल्या मुसलमानांना उठवून दक्षिण इटलीतल्या लुचेरा गावी नेले गेले आणि १३०० साली ती वस्तीही मोडली. माणसे गेली, शेवया मात्र राहिल्या.

पुढच्या इटलीत पास्त्याचे थर लावू लागले. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला नेपल्सच्या दरबाराशी जोडल्या जाणाऱ्या ‘लिबेर दे कोक्विना’ या लॅटिन पाकपुस्तकात लझान्याची कृती आहे. आंबवलेल्या पिठाच्या पातळ चौकोनी पाऱ्या उकडायच्या आणि किसलेले चीज, मसाल्याची पूड भुरभुरवत त्यांचे थर लावायचे. झाले. त्यात खिमा नाही, टोमॅटो नाही (तो अमेरिकेतून यायला अजून दोनशे वर्षे होती) आणि पांढरा सॉसही नाही.

पास्तित्सियो हे नावही इटलीचेच. ‘पास्तिच्चो’ म्हणजे पिठाच्या पारीत भरून भाजलेला पदार्थ. बोलीभाषेत त्याचा अर्थ ‘गोंधळ’, ‘खिचडी’ असाही होतो. ग्रीसच्या पश्चिमेकडची कॉर्फूसारखी बेटे चार शतके व्हेनिसच्या ताब्यात होती. इटलीचे शब्द आणि पदार्थ त्या वाटेने ग्रीकांत सहज रुळले. जुन्या पास्तित्सियोत मॅकरोनी आणि मांस पिठाच्या पारीत बंद करून भाजत. वर बेशमेल नव्हता.

मुसक्का आणि वांग्याचा प्रवास

पास्तित्सियोचे जुळे भावंड म्हणजे मुसाका. वांग्याचे थर, मध्ये खिमा, वर तोच पांढरा बेशमेल. जगभर तो ग्रीसची ओळख म्हणून विकला जातो. पण नाव अरबी आहे. ‘मुसक्का’ म्हणजे थंड केलेले. इजिप्तमध्ये वांगी, टोमॅटो आणि लसणाचा मुसक्का आजही कोमट किंवा गार खातात. तुर्कस्तानात त्याच नावाचा पदार्थ वांगी आणि खिम्याचा होतो. दोन्हीकडे वर बेशमेल नसतो.

वांग्याचा प्रवास तर थेट आपल्या दारातून सुरू होतो. संस्कृत ‘वातिंगण’ फारसीत ‘बादिंगान’ झाले, अरबीत ‘बादिंजान’, तुर्कीत ‘पातलिजान’, ग्रीकमध्ये ‘मेलिद्जाना’. मराठीतले वांगे त्याच कुळातले. ही भाजी भूमध्य समुद्राच्या काठी रुजवली ती अरबांनी. युरोपात तिला बराच काळ संशयाने पाहिले गेले. पेल्लेग्रिनो आर्तुसी हा इटालियन पाककलेचा मोठा लेखक. त्याचे पुस्तक १८९१ साली आले. त्यात तो सांगतो की चाळीस वर्षांपूर्वी फ्लॉरेन्सच्या बाजारात वांगी क्वचित दिसत, कारण ते ज्यूंचे खाणे म्हणून हलके समजले जाई. आर्तुसीने त्या हेटाळणीची खिल्लीच उडवली आहे. चांगल्या वस्तूची पारख ज्यूंनाच आधी झाली, असा त्याचा रोख आहे.

भाजी तीच, जमीन तीच. फक्त खाणारा वेगळा, म्हणून ती हलकी. ही रीत आपल्याला अनोळखी नाही.

त्सेलेमेन्तेसचे शुद्धीकरण

आता मुख्य माणसाकडे येऊ. निकोलाओस त्सेलेमेन्तेस (१८७८–१९५८). सिफ्नोस या छोट्या बेटाशी नाते असलेला ग्रीक आचारी. व्हिएन्नात शिकला, पुढे अमेरिकेतही राहिला. १९१० साली त्याने पाककलेचे मासिक काढले आणि नंतर मोठे पुस्तक लिहिले. ते इतके चालले की ग्रीक भाषेत ‘त्सेलेमेन्तेस’ या शब्दाचा अर्थच पाकपुस्तक असा झाला. शहरातल्या नव्या मध्यमवर्गीय घरांत नवरीसोबत हे पुस्तक जाऊ लागले.

त्सेलेमेन्तेसचा एक सिद्धांत होता. युरोपच्या पाककलेचे मूळ प्राचीन ग्रीसमध्ये आहे. मधल्या काळात तुर्की आणि पूर्वेकडच्या संगतीने ग्रीक जेवण बिघडले. तेल, लसूण आणि मसाले ही त्या बिघाडाची लक्षणे. मग उपाय काय? फ्रेंच पद्धत स्वीकारायची. फ्रेंच पाककला मुळात ग्रीकच, त्यामुळे ते उसने घेणे नव्हते, घरी परतणे होते. १९५० साली न्यूयॉर्कमधून निघालेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकातही त्याने हा दावा मांडला.

या कार्यक्रमाप्रमाणे ऑलिव्ह तेलाच्या जागी लोणी आले, मसाला उतरला, लसूण हद्दपार झाला. आणि १९२०च्या दशकात मुसाका व पास्तित्सियोवर बेशमेल चढला. सॉसला नाव मिळाले ते फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारातल्या बेशमेय या अधिकाऱ्यावरून. पॅरिसचा सॉस ओतला की अरबी नावाचा पदार्थ युरोपी होतो, असा हिशेब.

त्सेलेमेन्तेसला खलनायक ठरवण्याची गरज नाही. त्याने मापे दिली, वेळ सांगितला, नव्या गृहिणीला आत्मविश्वास दिला. बेशमेल चविष्ट असतो, हेही खरे. तो काळही समजून घ्यायला हवा. ग्रीसने १८२१ साली उस्मानी सत्तेविरुद्ध उठाव केला होता आणि नवे राष्ट्र युरोपकडे तोंड करून उभे होते. आपण पूर्वेचे नाही, हे सिद्ध करण्याची घाई सगळ्याच क्षेत्रांत होती. भाषेतून तुर्की शब्द वेचून काढले जात होते, गावांची तुर्की नावे बदलली जात होती. स्वयंपाकघर तरी कसे सुटणार?

गंमत अशी की सफाई पूर्ण झालीच नाही. पास्तित्सियोच्या खिम्यात दालचिनी आजही असते. वर पॅरिस आणि आत इस्तंबूल, असा तो पदार्थ आहे.

ज्यांना धर्मावरून वेगळे केले

याच दशकात माणसांचेही शुद्धीकरण झाले. ३० जानेवारी १९२३ रोजी लोझान येथे ग्रीस आणि तुर्कस्तानने लोकसंख्येच्या सक्तीच्या अदलाबदलीचा करार केला. सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले किंवा आधीच पळून आलेले तिथेच राहिले. साडेतीन ते चार लाख मुसलमान तुर्कस्तानात गेले. निकष भाषा नव्हता, धर्म होता. त्यामुळे तुर्की बोलणारे ख्रिस्ती ‘ग्रीक’ ठरून गेले आणि ग्रीक बोलणारे मुसलमान ‘तुर्क’ ठरून गेले.

क्रीट बेटावरचे मुसलमान या दुसऱ्या गटातले. बेट उस्मानी ताब्यात आले सतराव्या शतकात. तिथले बहुतेक मुसलमान बाहेरून आलेले नव्हते. ते स्थानिकच, धर्म बदललेले. त्यांची आई-भाषा ग्रीक होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दंगलींनंतर अनेकजण बाहेर पडले, उरलेले १९२३ नंतर गेले. काही सीरियाच्या किनाऱ्यावर अल-हमिदिया गावी स्थायिक झाले, बरेच जण तुर्कस्तानात आयवालिक, जुंदा, बोद्रुम या भागांत.

नव्या देशात त्यांना ‘अर्धे काफिर’ समजले गेले. भाषा ग्रीक, आणि खाणे तर विचित्रच. हे लोक रानातला पाला गोळा करायचे, ऑलिव्ह तेलात शिजवायचे, मांस कमी खायचे. शेतात गाय आणि क्रीटवाला एकत्र शिरले तर आधी क्रीटवाल्याला हाकला, कारण गाय थोडे तरी शिल्लक ठेवील, असा विनोद तुर्कस्तानात रूढ आहे. आज त्याच आयवालिकमध्ये ‘गिरित’ म्हणजे क्रीटचे जेवण म्हणून त्या पालेभाज्यांना पर्यटक पैसे मोजतात.

भाषा एक, धर्म दुसरा, आणि दोन्हीकडून ‘तुम्ही नेमके कोणाचे?’ हा प्रश्न. मराठी मुसलमानाला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही.

डॉक्टर क्रीटला पोहोचले

१९५८ साली त्सेलेमेन्तेस वारला. त्याच वर्षी अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज याचा ‘सात देशांचा अभ्यास’ औपचारिकपणे सुरू झाला. आहार आणि हृदयविकार यांचा संबंध शोधण्यासाठी अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस आणि जपानमधल्या ४० ते ५९ वयाच्या पुरुषांची अनेक वर्षे पाहणी झाली. ग्रीसमधून क्रीट आणि कॉर्फू निवडले गेले.

क्रीटचे निष्कर्ष थक्क करणारे होते. हृदयविकाराने होणारे मृत्यू तिथे सर्वांत कमी गटात होते. आणि हे लोक चरबी कमी खात होते असेही नाही. त्यांच्या आहारातली सुमारे ४० टक्के ऊर्जा स्निग्ध पदार्थांतून येत होती. पण ते स्निग्ध म्हणजे मुख्यतः ऑलिव्ह तेल. सोबत डाळी, रानभाज्या, फळे, भाकरी, थोडे मासे, क्वचित मांस. शिवाय दिवसभर शेतात श्रम. ऑर्थोडॉक्स चर्चचे उपवास वर्षातले १८० दिवसांच्या वर. त्या दिवसांत मांस, दूध, अंडी वर्ज्य. धार्मिक उपवासाने जेवण आपोआप हलके ठेवले होते.

कीजच्या पद्धतीवर पुढे टीका झाली, ती आजही होते. पण ज्या तेलाला, डाळीला आणि पाल्याला त्सेलेमेन्तेसने मागासलेले ठरवले, त्यालाच पुढे जगाने ‘भूमध्य आहार’ म्हणून मान दिला. २०१० साली युनेस्कोने तो अमूर्त वारशाच्या यादीत घेतला. अर्ज केला होता स्पेन, ग्रीस, इटली आणि मोरोक्को या चार देशांनी मिळून. तीन ख्रिस्तीबहुल आणि एक मुस्लिमबहुल देश एकच ताट आपले म्हणून पुढे करत होते.

हलके म्हणजे किती हलके

आता आकडे पाहू. घरगुती पास्तित्सियोच्या बेशमेलला साधारण १ लिटर दूध आणि १०० ग्रॅम लोणी लागते. माणसे आठ. १०० ग्रॅम लोण्यात सुमारे ५० ग्रॅम संपृक्त चरबी. आपल्याकडचे ६ टक्के फॅटचे दूध घेतले तर त्यातून आणखी ३७ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे माणशी जवळपास ११ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सांगते की संपृक्त चरबी एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी. २००० कॅलरी खाणाऱ्यासाठी ती मर्यादा होते सुमारे २२ ग्रॅम. चीज आणि खिमा मोजायच्या आधीच, नुसत्या पांढऱ्या थराने निम्मा दिवस खाल्ला.

त्यावर उपाय शेजारच्या घरातच आहे. बल्गेरियात मुसाकावर बेशमेल नसतो, दही आणि अंडे फेटून ओततात. तेच इथे करता येते.

टोन्ड दुधाचे पाऊण किलो दही अर्धा तास फडक्यात टांगा. त्यात ३ अंडी, दोन चमचे मैदा, मीठ, चिमूटभर जायफळ घालून फेटा. मैदा वगळू नका. पिठातला स्टार्च आणि अंडे यांमुळे दही भट्टीत फाटत नाही. खिमा निम्मा घ्या. मटणाचा किंवा चिकनचा चालेल. उरलेल्या निम्म्याच्या जागी अर्धवट शिजवलेले अख्खे मसूर. कांदा, लसूण दोन चमचे ऑलिव्ह तेलात परता, खिमा घाला, मग टोमॅटो, मसूर, दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा. ग्रीक लोक इथे वाइन घालतात. आपण चमचाभर व्हिनेगर घालू, आंबटपणाचे काम होते.

मध्ये वांग्याचा एक थर द्या, पण वांगी तळू नका. वांग्याचा गर स्पंजासारखा पोकळ असतो, तो कढईतले तेल ओढून घेतो. चकत्यांना मीठ लावून ठेवा, पाणी सुटले की पुसा, तेलाचा नुसता हात फिरवून भट्टीत भाजा. पास्ता पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटे कमी उकडा, कारण तो पुन्हा शिजणार आहे. लांब नळीची मॅकरोनी नाही मिळाली तर पेन्ने घ्या. तळाशी पास्ता, मग वांगी, खिमा, वर दही. मूठभर किसलेले चीज. हलाल पाळणाऱ्यांनी चीजचे रेनेट कशाचे आहे ते पाकिटावर पाहावे. १८० अंशांवर ४० मिनिटे. बाहेर काढल्यावर अर्धा तास तरी थांबा, नाहीतर वडी सुटत नाही.

या दह्याच्या थरातून आणि ऑलिव्ह तेलातून मिळून माणशी संपृक्त चरबी येते सुमारे ३ ग्रॅम. थोडी आंबट, दालचिनीच्या वासाची वडी. बेशमेलसारखी ती तोंडात विरघळत नाही, हे कबूल. पण जेवल्यावर माणूस जड होऊन आडवा पडत नाही. एक इशारा मात्र हवा. ऑलिव्ह तेलही तेलच आहे, एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरी. ‘आरोग्यदायी’ म्हणून ते ओतत सुटले तर वजन आपला हिशेब चुकता करतेच.

कोणाचे ताट?

दही आले बाल्कनमधून, दालचिनी उस्मानी बाजारातून, वांगे हिंदुस्तानातून, टोमॅटो अमेरिकेतून, शेवयांचा धंदा अरबी सिसिलीतून, नाव इटलीतून. यातली एक वस्तू ‘परकी’ म्हणून काढा, ट्रे रिकामा होत जातो. कैरोत याच पदार्थाला ‘मकरोना बेशमेल’ म्हणतात आणि तो रमजानच्या दस्तरखानावर असतो. सायप्रस १९७४ पासून दुभंगलेले आहे, तरी ग्रीक आणि तुर्क दोन्ही बाजूंना भट्टीतली मॅकरोनी होते आणि दोन्हीकडे तिच्यावर हलूमी किसतात. फक्त एकीकडे तिला ‘हेल्लिम’ म्हणतात.

आपल्याकडेही ताटावर धर्माची चिठ्ठी लावण्याचे काम जोरात आहे. अमुक पदार्थ आक्रमकांचा, तमुक आपला. कोकणातल्या मुस्लिम घरातली तांदळाची भाकरी आणि नारळाच्या वाटपातले मासे कोणत्या चिठ्ठीत बसतात? मराठवाड्यातल्या दालच्यातली चिंच कोणाची? ईदच्या शीरखुर्म्यातल्या शेवया आणि शेजारच्या घरच्या शेवयांच्या खिरीतल्या शेवया एकाच पाटावर वळलेल्या असतात.

ग्रीसने एकदा हा प्रयोग करून पाहिला आहे. ‘तुर्क’ काढायच्या नादात त्याने स्वतःच्याच शेतकऱ्याचे तेल, लसूण आणि डाळ कमी केली आणि वर लोण्याचा थर चढवला. शेजाऱ्याला हाकलताना घरातले शहाणपणही बाहेर गेले. ते परत आणायला पुढे परदेशी डॉक्टरांची पाहणी लागली. म्हणून पास्तित्सियो हलके करणाऱ्याला परंपरा मोडल्याचा दोष देण्याआधी, वरचा थर थोडा बाजूला सारून खाली पाहावे. तिथे जी परंपरा आहे, ती अधिक जुनी आहे आणि अनेकांची आहे.